स्पीड ग्राफिक: दोन शटर, एक शीट

प्रेस कॅमेरा, म्हणजे वृत्तछायाचित्रकारांचा कॅमेरा म्हटलं की 4 बाय 5 इंचांच्या फिल्मचा स्पीड ग्राफिकच आठवतो. 1912 ते 1973 या काळात अमेरिकेत बनलेल्या या कॅमेऱ्याला बहुधा दोन शटर असतात. एक लेन्समध्ये, दुसरं फिल्मच्या अगदी पुढ्यात, कापडी पडद्याचं. फिल्म कोरी निघाली तर पहिला संशय इथे घ्यावा. लेन्सचं शटर वापरायचं तर पडदा पूर्ण उघडा हवा, आणि पडदा वापरायचा तर लेन्सचं शटर उघडं. जुन्या मॉडेलांत पडद्याला चावी देताना त्याच्या फटी फिल्मसमोरून सरकतात. चावी देऊन होईपर्यंत डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी सरकती पट्टी आतच राहू द्यायची, नाहीतर प्रकाश लागून शीट, म्हणजे फिल्मचा सुटा तुकडा वाया जातो.

फिल्म धरणाऱ्या होल्डरमध्ये दोनच शीट, दोन बाजूंना एकेक. अंधारात भरताना शीट उभी धरून कोपऱ्यातली खाच चाचपायची. ती वर उजवीकडे आली की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर आपल्या बाजूला. स्लाइडच्या कडेची पांढरी बाजू बाहेर म्हणजे शीट ताजी. फोटो काढला की काळी बाजू बाहेर करून स्लाइड घालायची. हे राहिलं की एकाच शीटवर दोन प्रसंग चढतात.

दर फोटोला एवढे सोपस्कार, म्हणून जे आधी ठरवता येईल ते ठरवूनच निघायचं. न्यूयॉर्कच्या रात्री टिपणारे वृत्तछायाचित्रकार वीजी लेन्सचं छिद्र एफ/16, शटर 1/200 सेकंद आणि 10 फुटांवर फोकस असं लावूनच ठेवत. फ्लॅशबल्बचा प्रकाश 10 फुटांच्या तुलनेत 20 फुटांवर चौथाईच उरतो. त्या फोटोंतले लख्ख चेहरे आणि मागचा काळोख यातूनच येतात. मला तर ही शैली हिशेबातूनच जन्मलेली वाटते.

निगेटिव्ह 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या सुमारे पंधरापट मोठी, त्यामुळे छापताना फोटोच्या कडा कापायला भरपूर वाव. वृत्तछायाचित्रकार जो रोझेन्थाल यांनी 23 फेब्रुवारी 1945 रोजी जपानच्या इवो जिमा बेटावर स्पीड ग्राफिकनेच टिपलेला, अमेरिकी सैनिक झेंडा उभारतानाचा फोटो मुळात आडवा आहे. छापला गेला तो उभा कापून.

आज असा कॅमेरा घेताना अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या, म्हणजे लेन्स आणि फिल्ममधल्या घडीदार भात्याच्या आत टॉर्च लावून घड्या बाहेरून तपासा. छिद्रं कोपऱ्यांतच जास्त पडतात. कडेला बसवलेला कालार्ट रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवणारं साधन एकाच लेन्सला जुळवलेला असतो. लेन्स बदललेली असेल तर तो चुकीचं अंतर दाखवतो, म्हणून 10 फूट आणि अनंत, दोन्हीकडे ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या दुधी काचेवर भिंगाने पडताळून मगच त्यावर विसंबा.