कोणते शिंदे?

आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणते शिंदे?" काही जण थेट विचारतात, ग्वाल्हेरवाले का? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ग्वाल्हेरच्या घराण्याचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. महादजी १७६१ साली पानिपतावर पायाला जबर जखम होऊनही वाचले आणि पुढे दिल्लीचं राजकारण त्यांच्या हातात आलं. पुण्यात वानवडीला त्यांची छत्री आहे. त्यांच्याशी आमचं काही नातं नाही.

विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. त्यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं चालवली. त्यांची बहीण जनाक्काही या कामात होती, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आणि प्रल्हाद शिंदे! विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही त्याच भरदार आवाजात गाणारे.

या तिघांचं आडनाव एक, जात एक नाही. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांतही आहेत. म्हणूनच "कोणते" या प्रश्नात बहुतेकदा जात विचारलेली असते. ती मी सांगत नाही. सांगते ते ताराबाईंबद्दल.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चालचलणुकीवर ताशेरे सुरू झाले. ताराबाई पेटून उठल्या. १८८२ साली त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. बायको मेली की पुरुषानं लगेच दुसरी करायची, आणि नवरा मेला की बाईनं मात्र जन्मभर कोपऱ्यात बसायचं, हा कुठला न्याय, असं त्यांनी रोखठोक विचारलं. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले आपल्या 'सत्सार' या नियतकालिकातून त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं.

मधली नव्वदेक वर्षं मला फार सलतात. किती बायकांच्या हाती ते पडायला हवं होतं! लहानसंच आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा आणि घरातल्या पुरुषांनाही द्या.