लाइनच्या पलीकडची गावं

आमची इमारत ठाकुरद्वारला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई घरात बरी चालते, पण जिन्याचं नाव काढलं की हात हलवते. वय एक्याऐंशी. दुपारभर गॅलरीत बसून समोरच्या इमारतीची परांची बघायची, कोणता मजूर आज आला नाही ते मला सांगायची. असे सहा-सात महिने गेले.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट घेऊनच. मित्राकडून उसना आणलेला. "आजीला घरबसल्या जग दाखवतो," म्हणाला. आईनं उत्साहानं चढवला. कुठल्यातरी डोंगरावरून उडत जाणारं दृश्य लावलं होतं. दोन मिनिटांत तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "काढ रे, मळमळतंय." डोळे सांगतात आपण हललो, कानातला तोल सांगणारा भाग सांगतो आपण जागेवर आहोत, आणि या भांडणात माणसाला गरगरतं. तरुणांनाही होतं. पण एक्याऐंशीव्या वर्षी, एकदा पडून झाल्यावर, गरगरणं म्हणजे गंमत नाही. हेडसेट परत गेला.

मग मी हातात घेतलं. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली आहेत, वेळ होता. चूक अशी केली की मला जे बघायचं होतं तेच आईला दाखवत सुटले. व्हॅटिकनच्या संग्रहालयाच्या साइटवर सिस्टिन चॅपल चहूबाजूंनी फिरवून बघता येतं, मान न दुखता छत बघता येतं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमनं रेम्ब्राँटच्या १६४२ सालच्या 'नाइट वॉच'चं ७१७ गिगापिक्सेलचं छायाचित्र २०२२ मध्ये खुलं केलंय. रंगाला गेलेला बारीक तडासुद्धा दिसेल इतकं जवळ जाता येतं. मी तासभर त्यात हरवले. वळून पाहिलं तर आई हनुवटी छातीवर टेकवून झोपलेली.

पैसे भरूनही एक प्रकार केला. इंटरनेटवरून ठरवलेली, गाइडसह थेट सफर. गाइड इतक्या झपाट्यानं बोलत होता की आईचं श्रवणयंत्र आणि माझं इंग्रजी दोन्ही मागे पडले, आणि मध्येच चित्र अडकलं. पैसे परत मिळाले नाहीत. तो विषय मी तिथेच सोडला.

गाडी रुळावर आली ती अगदी योगायोगानं. टोकियोच्या शिबुया चौकातला थेट कॅमेरा लावला होता. तिथे चारी बाजूंचे सिग्नल एकदम थांबतात आणि माणसांचा लोंढा सगळ्या दिशांनी रस्ता ओलांडतो. मी म्हटलं, "आई, बघ, तिथे रात्र झाली." तर ती घड्याळाकडे न बघता म्हणाली, "साडेतीन तास पुढे. इथे सव्वापाच झाले असतील तर तिथे पावणेनऊ."

घड्याळात खरंच सव्वापाच झाले होते.

आई १९६५ साली ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसमध्ये टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. सगळे ओसीएस म्हणायचे. १९८६ मध्ये त्याचं विदेश संचार निगम झालं. फोर्टात ऑफिस. मी लहान असताना तिची संध्याकाळची पाळी असली की आजी मला भरवायची. हे सगळं मला माहीत होतंच, पण माहीत असणं आणि ध्यानात येणं यात फरक असतो. कानाला हेडफोन लावून तिनं अख्ख्या जगाला लाइन जोडून दिली, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे गेली नाही. सिस्टिन चॅपलशी तिचा काय संबंध? तिला लाइनचं दुसरं टोक बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तिनं यादी करून दिली. लंडन, नैरोबी, कंपाला, टोकियो, हाँगकाँग, एडन. प्रत्येकापुढे वेळेचा फरक. लंडनपुढे दोन आकडे होते, साडेपाच आणि साडेचार, कारण उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर पुढे करतात. "अडुसष्ट ते एकाहत्तर मात्र वर्षभर साडेचारच होता," ती म्हणाली, "तेव्हा त्यांनी काहीतरी प्रयोग केला होता." मी शोधून पाहिलं. ऑक्टोबर १९६८ ते ऑक्टोबर १९७१ ब्रिटननं खरंच घड्याळ मागे केलं नव्हतं.

आता जुळवाजुळव कशी केली ते सांगते, कारण अडायला होतं ते इथेच. मोबाइलवर काही दाखवू नका. वयस्क माणूस दोन बोटांनी चिमटे काढत बसत नाही, आपणही तिच्या खांद्यावरून वाकून थकतो. टीव्हीवर वायफायने चित्र पाठवायचा प्रयत्न केला, ते दर पाच मिनिटांनी तुटे. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून लांब एचडीएमआय केबल आणली, लॅपटॉप टीव्हीला जोडला, प्रश्न मिटला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बाणाचा आकार सगळ्यात मोठा केला. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, तिला लख्ख पांढरा पडदा खुपतो, म्हणून टीव्हीचा उजेड उतरवला आणि गॅलरीचा पडदा ओढला, नाहीतर काचेत समोरची इमारतच दिसते. गावं मी आदल्या रात्री शोधून उघडून ठेवते. समोर बसून टाइप करत बसलं की तिचं लक्ष उडतं.

बाकी सगळं गूगल मॅप्समध्ये फुकट आहे. कोपऱ्यातला पिवळा माणूस उचलायचा, जिथे निळ्या रेघा उमटतात त्या रस्त्यावर सोडायचा, की आपण रस्त्यावर उभे. त्यातली खुबी म्हणजे वळायचं सावकाश. मी पहिल्या दिवशी माउस झर्रकन फिरवला, आईनं पुन्हा खुर्चीचा हात धरला. आता मी "वळते हं डावीकडे" असं आधी सांगते, बसच्या कंडक्टरसारखं. आणि एका बैठकीला एकच गाव, चहानंतर अर्धा तास.

पहिलं लंडन. आईला राणीचा राजवाडा नको होता, घड्याळाचा मनोराही नको. तिला फॅरडे बिल्डिंग हवी होती. लंडनचं आंतरराष्ट्रीय एक्सचेंज १९३३ पासून तिथे होतं, क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवर. तिथल्या ऑपरेटर मुलींशी ही रोज बोलायची, वर्षानुवर्षं, फक्त आवाजानं. एकीचं नाव तिला अजून आठवतं, मला सांगत नाही.

पिवळा माणूस त्या रस्त्यावर सोडला आणि वर बघितलं. करड्या दगडाची, उंच, रुक्ष इमारत. या इमारतीनं सेंट पॉल्स कॅथीड्रलचं दर्शन अडवलं म्हणून इतका गहजब झाला की घुमटाच्या आसपास किती उंच बांधायचं याचे नियमच पुढे लंडननं केले. आई म्हणाली, "एवढी मोठी? मला वाटायचं आपल्याएवढीच असेल." खिडक्यांच्या माथ्यावरच्या दगडांत टेलिफोन कोरलेला आहे असं मी वाचलं होतं. आम्ही दोघी एकेक खिडकी मोठी करून बघत राहिलो, चित्र फुटून चौकोन चौकोन व्हायचं. शेवटी एका ठिकाणी आईनं बोट ठेवलं, "हाच." मला नीटसा दिसला नाही. तिला दिसला.

मग म्हणाली, "खाली चहाचं दुकान असणार कुठेतरी. ती म्हणायची, आत्ता चहा पिऊन आले." आम्ही त्या रस्त्यावर चहाचं दुकान शोधत दहा मिनिटं फिरलो. कोपऱ्यात चित्राचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरवर त्याच जागेचं जुनं चित्रही निवडता येतं. लंडनची चित्रं २००८ पर्यंत मागे जातात. पण आईचं लंडन त्याच्याही कितीतरी आधीचं. १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट डायल करता येऊ लागलं, तेव्हा तिच्या टेबलावरचे लंडनचे कॉल एकदम कमी झाले. "बरं झालं लोकांचं," ती म्हणाली, आणि लगेच, "आमचं जरा वाईट झालं."

टोकियो, हाँगकाँग झाली, तिथे तिचं मन फारसं रमलं नाही. हाँगकाँगच्या उंच इमारती बघून "आपल्याकडे लोअर परळला आहेत तशाच" म्हणून निकालात काढलं. नैरोबीला मात्र खूश. एकेकाळी भारतीयांचा बाजार असलेली तिथली बियाशारा स्ट्रीट दाखवली. बियाशारा म्हणजे स्वाहिलीत व्यापार. दुकानांतले कापडाचे तागे बघून म्हणाली, "हे तर मंगलदास मार्केट."

कंपालाला काय होईल याची मला कल्पना नव्हती. कंपाला रोडवर उतरलो. मोटारसायकली, बँका, भर उन्हातली गर्दी, चेहरे सगळे पुसलेले, कारण गूगल ते धूसर करतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ऑगस्ट बहात्तर. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन, त्यानं तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, आणि इथे कॉल बुक करायला रांग. गुजरात्यांची जास्त. तीन मिनिटांचा कॉल, तीन मिनिटं होत आली की मध्ये बोलून सांगायचं, पुढे वाढवायचंय का. लाइन नीट आहे ना एवढं बघायला थोडं ऐकत राहावंच लागे. "लोक पैसे भरून बोलायचेच नाहीत गं. नुसतं रडायचे दोन्हीकडून. आणि मी घड्याळाकडे बघत बसलेय."

"मग तू काय करायचीस?"

"कधी कधी माझं घड्याळ हळू चालायचं," ती म्हणाली. "हे कुणाला सांगू नकोस."

सांगितलं, आई. पन्नासावर वर्षं झाली, आता तुझी पगारवाढ कोण रोखणार आहे?

त्या दिवसानंतर मी यादीतलं गाव लावण्याआधी तिला विचारते, आज चालेल ना. कंपालानंतर दोन दिवस ती टीव्हीकडे फिरकली नव्हती. घरबसल्या सफर म्हणजे नेहमी हसतखेळतच असेल असं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, एडन राहिलंय.

येमेनमधल्या एडनला पिवळ्या माणसाला सोडायला धड रस्ताच मिळेना. म्हणून गूगल अर्थ उघडलं आणि वरूनच उतरलो. समुद्रात घुसलेला काळा डोंगर, त्याच्या पोटात वाटीसारखी जागा, आणि त्या वाटीत दाटीनं घरं. विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे ते. जुन्या शहराच्या त्या भागाला क्रेटरच म्हणतात. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतलं, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याचा कारभार आपल्या मुंबई इलाख्यातूनच चाले. वासुदेव बळवंत फडक्यांना तिथेच नेऊन ठेवलं, तिथेच १८८३ मध्ये ते गेले. शाळेत हे वाचलं होतं, पण एडन म्हणजे कसली जागा ते डोळ्यांसमोर कधीच आलं नव्हतं. झाड म्हणून दिसेना. पळून जाऊन जाणार कुठे, असं मनात आलं.

मी अजून खाली उतरायला गेले तर चित्र पुसट झालं. छपरं कुठली आणि रस्ते कुठले कळेना. म्हटलं, "याच्याखाली काही दिसत नाही, आई. दुसरं काहीतरी लावू का?"

"राहू दे," आई म्हणाली. उपग्रहाच्या लाइन यायच्या आधी, म्हणजे एकाहत्तरला पुणे जिल्ह्यातल्या आर्वीचं उपग्रह केंद्र सुरू व्हायच्या आधी, सगळं रेडिओवर चालायचं. आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. "एडनची लाइन तेव्हाही कधी स्वच्छ नसायची." तिनं पदरानं चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढून घेतली आणि बंदर कुठल्या बाजूला ते दाखव म्हणाली.