बाडमेर जास्त तापते की नागपूर, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"का हो ताई, तिकडे जास्त तापते का आपल्या नागपुरात?" हा प्रश्न मला लग्नकार्यात विचारला जातो, बँकेच्या रांगेत विचारला जातो, आणि एप्रिल उजाडला की फोन करूनही विचारला जातो. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे राजस्थानच्या वाळवंटात, बाडमेर आणि जैसलमेरच्या भागात, पाणीपुरवठ्याच्या कामावर गेली, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून त्याचा पाढा पुन्हा वाचत नाही. मात्र विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते. मी "बाडमेर" म्हटले तर त्याला थोडे वाईट वाटते, "नागपूर" म्हटले तर अभिमान वाटतो, आणि "प्रश्नच नीट नाही" म्हटले तर मला शिष्टपणा आला असे वाटते. तेव्हा एकदाच, सविस्तर लिहिते.

पाऱ्याचाच निकाल हवा असेल तर तो लगेच लागतो. 19 मे 2016 रोजी थरच्या वाळवंटातल्या फलोदीत 51 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. 1 जून 2019 रोजी राजस्थानातल्याच चुरूमध्ये 50.8 अंश होते. नागपूर 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांपर्यंत गेले होते. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि तो आकडा आजही मला अधूनमधून पाठवला जातो. परंतु ते यंत्र बिघडलेले होते, असा खुलासा हवामान विभागाने तेव्हाच केला होता. पाऱ्याच्या शर्यतीत थर पुढे आहे, यात वाद नाही. माझा वाद या शर्यतीशीच आहे.

वाळवंट म्हणजे सर्वांत तापणारी जागा, अशी समजूत इतकी पक्की आहे की चुरूत हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो हे सांगितले की लोक माझ्याकडे संशयाने पाहतात. प्रदेश शुष्क ठरतो तो उष्णतेवरून नव्हे, तर पाण्याच्या जमाखर्चावरून. वर्षभरात पडणारा पाऊस आणि हवा व झाडे मिळून जमिनीतून जितके पाणी उडवू शकतात ते प्रमाण, यांचे गुणोत्तर 0.05 ते 0.20 च्या दरम्यान असेल तर तो प्रदेश शुष्क. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो, बाडमेरला सरासरी पावणेतीनशेच्या आसपास. नागपुरात तो एक हजाराच्या वर जातो. नागपूरला वाळवंट म्हणणे, किंवा "विदर्भाचे आता वाळवंट होणार" असे दरवर्षी मे महिन्यात जाहीर करणे, हे मला म्हणूनच सहन होत नाही. आपल्याकडे पाऊस खंड घेतो, नको तेव्हा कोसळतो, पण येतो.

तिकडे तो का येत नाही, हे मात्र खरोखर जाणून घेण्यासारखे आहे आणि ते मला कुणी विचारत नाही. समुद्र दूर नाही. नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून थेट राजस्थानात शिरतात, पण अरवलीची रांग नैर्ऋत्य-ईशान्य अशीच पसरलेली असल्यामुळे ती त्या वाऱ्यांना सह्याद्रीसारखी आडवी येत नाही. शिवाय खालच्या ओलसर हवेवर पश्चिमेकडून आलेली उष्ण, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. ढग उंच वाढूच शकत नाहीत. बंगालच्या उपसागरावरून निघालेली शाखा गंगेच्या मैदानातून तिथवर पोहोचते तेव्हा तिच्यातले पाणी बरेचसे वाटेतच सांडलेले असते. हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मॉन्सून देशभर पसरतो तो 8 जुलैला, म्हणजे वायव्य राजस्थानच्या टोकाला तो सर्वांत शेवटी जातो, आणि परत फिरू लागतो तो 17 सप्टेंबरला, त्याच पश्चिम राजस्थानातून. शेवटी पोहोचायचे आणि सर्वांआधी निघायचे. मधल्या जेमतेम सत्तर दिवसांत बाजरी, मोठ म्हणजे मटकी, आणि गवार यांनी काय ते उगवून घ्यायचे. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, आले तर थोडा पाऊस होतो, त्याला तिकडे मावठ म्हणतात, आणि त्याची वाट रब्बीवाले डोळ्यांत प्राण आणून पाहतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेलेला असतो, आकाश मोकळे असते, आणि ऊन दुसऱ्यांदा तापते. असे ते वर्ष असते.

आता उन्हाकडे येते. मे महिन्यात बाडमेरला दुपारी 46 अंश आणि हवेत दहा टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक साधारण 22 अंश दाखवतो. नागपुरात जूनमध्ये, पाऊस दाराशी येऊन थबकलेला असताना, 40 अंश आणि चाळीस टक्के आर्द्रता असेल, तर तोच ओला तापमापक साडेअठ्ठावीसच्या आसपास दाखवतो. म्हणजे पारा सहा अंशांनी उतरला आणि हा दुसरा आकडा सहा अंशांहून अधिक चढला. घाम वाळण्यावर शरीराचे थंड होणे अवलंबून असते, आणि ते किती होऊ शकेल हे या दुसऱ्या आकड्यावरून कळते. कूलरही त्याच नियमाने चालतो. टाकीत कितीही पाणी ओता, ओल्या तापमापकाच्या खाली तो खोली नेऊ शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरकर कूलरच्या भरवशावर निभावून नेतो, कारण तेव्हा आपली हवा वाळवंटासारखीच कोरडी असते. मृग नक्षत्र लागते, ढग जमतात, आणि तोच कूलर खोलीत नुसती ओल भरू लागतो.

पूर्वी मला कुणी विचारले तर मी ठरलेले उत्तर देत असे: वाळवंटात दिवस वाईट पण रात्र चांगली, वाळू लवकर तापते तशी लवकर निवते. ते उत्तर मार्च महिन्यासाठी खरे आहे, नोव्हेंबरसाठी तर फारच खरे आहे. मात्र जूनमध्ये बाडमेरला हवेत धूळ भरलेली असते, पहाटेचा पारा सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली सहसा जात नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या पहाटेचा पाराही जवळपास तेवढाच असतो. फरक रात्रीच्या आकड्यात नव्हता. तो अंगणात टाकलेल्या बाजेत होता, ढाणीतल्या, म्हणजे शेतातल्या लहान वस्तीतल्या, जाड मातीच्या भिंतींत आणि गवताने शाकारलेल्या छपरात होता, आणि मे-जूनमध्ये तिथे रात्रीही वाहत राहणाऱ्या वाऱ्यात होता. मी आकाशाला श्रेय देत होते, त्यातले निम्मे तरी माणसांनी शतकानुशतके सांभाळलेल्या राहण्याच्या रीतीचे होते. इतकी वर्षे तिथे काढून हे मला उशिरा कळले, ते नागपुरात.

बाबांबद्दल लिहायचे की नाही, यावर मी बराच विचार केला. नागपुरात मानेवाड्याकडे आमचे स्लॅबचे एकमजली घर आहे. त्या वर्षी पावसाला उशीर झाला होता. संपूर्ण मे महिना, अगदी नवतपाचे शेवटचे नऊ कडक दिवससुद्धा, बाबांनी व्यवस्थित काढला होता. वाळ्याच्या ताट्या त्यांनी स्वतः बदलल्या होत्या, सकाळी दहानंतर ते घराबाहेर पडत नसत, ताक आणि पन्हे वेळेवर घेत असत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचे ऐकले की लोकांना आधी आमची हयगय शोधावीशी वाटते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी वादळ आले, चार थेंब पडले, वीज गेली. तापमान चाळीसच्या आसपास उतरले होते आणि शेजारचे काका कंपाउंडवरून म्हणाले, "सुटलो आता, गेला उन्हाळा." बाबाही तसेच म्हणाले. आम्हा सर्वांना सुटल्यासारखेच वाटत होते.

वीज मध्यरात्रीनंतर आली. तोवर स्लॅबने दिवसभर साठवलेली उष्णता खाली सोडली होती, खिडक्यांतून वारा म्हणून नव्हता, आणि जमिनीवर पडलेल्या त्या थेंबांची वाफ घरात भरून राहिली होती. बाबांना गच्चीवर नेण्याचा विचार झाला होता; गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नव्हता. आम्ही ओल्या पंचाने त्यांचे अंग पुसत होतो. तो पंचा वाळत नव्हता. बाडमेरला दोरीवर टाकलेले लुगडे मी आत जाऊन येईपर्यंत वाळलेले असे, आणि इथे तासाभराने तोच पंचा हातात तसाच ओला होता. हे मला त्या क्षणी लक्षात आले, मी भावाला बोलूनही दाखवले, आणि ते कळण्याचा त्या क्षणी काहीही उपयोग नव्हता. वीज आल्यावर कूलर सुरू केला. तो खोलीत आणखी ओल भरत राहिला. पहाटे बाबांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि पाणी कुणी भरले, असे विचारले. अंग तापलेले होते. आम्ही गाडी काढली.

रुग्णालयात पहिला प्रश्न होता, "उन्हात गेले होते का?" नाही, म्हटले. "मग उष्माघात कसा असेल? बाहेर तर आज कमीच आहे." तिथल्या लोकांनी उपचार केले, मी त्यांना दोष देत नाही, पण तो प्रश्न ज्या समजुतीतून आला तिला मी दोष देते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. कागदावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले गेले, आणि ते खोटे नाही, कारण शेवटी हृदयच बंद पडते. मात्र त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या बळींची यादी कुणी केली असेल तर तिच्यात बाबा नसणार. ज्या दिवशी ते आजारी पडले तो दिवस त्या वर्षीच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत कुठेच बसत नव्हता. तेराव्याला आलेले एक नातेवाईक पंख्याखाली बसत मला म्हणाले, "तुम्ही तर वाळवंटातल्या, तुम्हाला या उकाड्याचं काय वाटणार? तिकडे जास्त असते ना?" मी उठून आत गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे. तरीही तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासाठी साधा राहिलेला नाही, आणि तुम्हाला माझ्या उत्तरात जो कडवटपणा जाणवतो तो इथून आला आहे.

याचा अर्थ मी वाळवंटाची बाजू घेते, असा कुणी काढू नये. कोरडी उष्णताही माणसे मारते, आणि ती फसवून मारते, कारण घाम येताच वाळतो आणि अंगातले पाणी किती गेले ते कळत नाही. रस्त्याच्या कामावरचे मजूर कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे घेऊन संध्याकाळी परत येताना मी पाहिले आहेत. टाक्यात, म्हणजे अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात, जून महिन्यात उरलेले पाणी बाईने मापून काढायचे, त्यातले जनावरांना किती आणि म्हाताऱ्यांना किती हे तिने ठरवायचे, आणि तिच्या वाट्याला शेवटी किती उरते ते कुणी विचारायचे नाही, हेही मी पाहिले आहे. जुलैमध्ये पावसाला उशीर झाला की तिथेही हवा दमट होते आणि कूलर तिथेही हरतो. आता तर तो प्रदेशही आपल्या जुन्या वेळापत्रकाने वागत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट पाऊस मोजक्या दिवसांत कोसळला आणि कवास गाव बुडाले. वाळूखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरेना, ते तिथेच साचून राहिले. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या अवशेषांनी बाडमेर आणि जालोरमध्ये ऐन लूच्या दिवसांत पूर आणला. ओल वाढत गेली तर 46 अंशांचा अर्थ तिकडेही बदलेल, ही धास्ती मला तिथल्या मैत्रिणींच्या फोनवरच्या बोलण्यात ऐकू येते.

हवामान विभागाच्या इशाऱ्यांत "उष्ण रात्र" असा एक वेगळा प्रकार असतो: दिवसाचे कमाल तापमान 40 अंश किंवा अधिक राहिले आणि किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त वर गेले, तर तो इशारा दिला जातो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र कमाल आकडाच झळकतो. मी आता रोज संध्याकाळी किमान तापमान आणि आर्द्रता पाहते, आणि गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे मे महिन्यात जाते त्यापेक्षा जास्त वेळा जूनमधल्या, पावसाआधीच्या दोन आठवड्यांत जाते. त्यांतल्या काहींना याचे नवल वाटते, कारण त्यांच्या मते तेव्हा उन्हाळा संपलेला असतो.

माझ्या भावाला हे सगळे पटत नाही. त्याच्या मते बाबांचे हृदय आधीच दुबळे होते, वय झाले होते, वीज गेली नसती तर काही झाले नसते, आणि मी वाळवंटात राहिले म्हणून प्रत्येक गोष्ट हवेवर नेऊन बसवते. तो म्हणतो त्यातले काहीही मला खोडून काढता येत नाही. दुबळे हृदय, बंद वीज, स्लॅब आणि ती दमट रात्र यांतले नेमके कशाने किती केले, हे वेगळे काढण्याचे साधन माझ्याकडे नाही. गेल्या जूनमध्ये आईच्या खोलीतला कूलर मी बंद केला आणि नुसता पंखा व उघड्या खिडक्या ठेवल्या. त्याने येऊन तो पुन्हा सुरू केला, कारण आईला त्याच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. आम्ही त्यावर भांडलो. यंदा तो एसी बसवायचे म्हणतो आहे, आई नको म्हणते आहे, आणि वीज गेल्यावर एसीचे काय, हा माझा प्रश्न दोघांनाही आवडलेला नाही.