गव्हाशिवायचा ब्रंच

मी मॅसॅच्युसेट्समध्ये आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत सीलिएकची मुलं बरीच असतात. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की या आजारात शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. गोळी-औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपचार. पोळीवर वाढलेल्या घराला हे सांगताना मला अजूनही जड जातं.

त्यांतली एक मुलगी निदान झालं तेव्हा नऊ वर्षांची होती. आईवडील सांगलीकडचे. सगळ्या घराने पोळी सोडून भाकरी धरली. आईने स्वयंपाकघर धुऊन काढलं, लाकडी पोळपाट-लाटणंसुद्धा टाकून दिलं. तरी रक्तातलं टीटीजी, म्हणजे या आजाराच्या तपासणीत मोजतात ती प्रतिपिंडं, हवं तसं उतरेना. मी त्यांना फडताळातली एकूण एक वस्तू टेबलावर मांडून फोटो पाठवायला सांगितलं, आणि हिंग सापडला. डबीत मिळतो तो हिंग बहुतेक वेळा निव्वळ नसतो. तो डिंकात आणि पिठात मिसळलेला असतो आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. रोजच्या आमटीत चिमूटभर जात होता. डबी बदलली आणि आकडा खाली यायला लागला.

रक्त सुधारलं, पण पोर बाहेर खायचं नाव काढेना. वाढदिवसाला जाताना डबा, सहलीला डबा, आणि तोही चार जणींपासून लांब बसून खायचा. एकदा तपासणीला आली तेव्हा मी विचारलं, "हॉटेलात गेलीस तर काय खावंसं वाटतं गं तुला?"

"काहीच नको. मला दर वेळी विचारत बसायला आवडत नाही. सगळे बघत राहतात."

हे मला फार लागलं. पथ्य काटेकोर पाळणारं मूल माणसांतून उठत असेल, तर माझं काम अर्ध्यावरच राहिलं असं मी समजते.

आमच्या क्लिनिकतर्फे अधूनमधून काही कुटुंबांना घेऊन आम्ही किराणा दुकानात किंवा एखाद्या रेस्टॉरंटात जातो. या वेळी मी फ्रेमिंगहॅममधलं एक छोटं ब्राझिलियन रेस्टॉरंट निवडलं. या गावात ब्राझीलच्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्यातले कितीतरी जण मिनास जेराइस राज्यातल्या गोव्हर्नादोर व्हालादारेस या शहरातून आणि त्याच्या आसपासच्या गावांतून आलेले. ज्याच्यासाठी मी हे ठिकाण हेरलं तो पाँव जी केजू, म्हणजे चीजचा गोल चिमुकला पाव, मूळचा मिनासचाच. तो कसाव्याच्या स्टार्चचा करतात. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. गहू त्याच्या कृतीतच नाही.

पण पदार्थात गहू नाही एवढ्याने भागत नाही, शेजारी काय शिजतं तेही बघावं लागतं. म्हणून आधी एका दुपारी मी एकटीच जाऊन आले. मालकीणबाई साठीच्या, स्वयंपाकही त्याच बघतात. त्यांनी मला सरळ आत नेलं. कोशिन्या, म्हणजे आत कोंबडीचा खिमा भरलेले थेंबाच्या आकाराचे तळलेले गोळे, हे तिथलं सगळ्यांत खपाचं खाणं. त्याचं आवरण मैद्याचं. तेच तेल बाकी तळणालाही. म्हणजे बटाट्याचे आणि कसाव्याचे तळलेले तुकडेही आमच्या मुलांना बाद. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी हुज्जत घातली नाही. "तुम्ही सकाळी साडेनऊला या. तळण अकरानंतर. आधी मैदा बाहेरच काढणार नाही," म्हणाल्या.

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा आत काळ्या घेवड्याचा आणि लसणाचा वास भरून राहिला होता. ब्राझीलमध्ये शनिवार हा फेजुआदाचा, म्हणजे काळा घेवडा आणि मांस एकत्र शिजवलेल्या रश्शाचा वार, त्यामुळे दुपारसाठी पातेलं चढलेलं होतं. त्या मुलीबरोबर तिची आजीही आली होती, सांगलीहून नातीला भेटायला आलेली. मुलीने सवयीने डबा आणला होता. मी त्याबद्दल काही बोलले नाही.

मालकीणबाईंनी मुलांना ओट्याशी बोलावलं. त्यांनी दूध, तेल आणि मीठ उकळून ते स्टार्चवर ओतलं आणि लाकडी उलथन्याने घोटायला घेतलं. आजी पुढे सरसावल्या. "अगं, ही तर उकड! मोदकाला काढतो तश्शी." मग निवलेल्या गोळ्यात अंडी आणि किसलेलं चीज गेलं. स्टार्च दोन तऱ्हांचा होता, एक साधा आणि एक आंबवून उन्हात वाळवलेला. आंबवलेल्यामुळे यीस्ट न घालताही पाव फुगतो. भट्टीच्या काचेतून मुलं ते फुगणं बघत उभी राहिली.

खरी गोष्ट पुढे घडली. बाईंनी स्टार्चचं पाकीट त्या मुलीच्या हातात दिलं आणि मागच्या बाजूच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ब्राझीलमध्ये 2003 सालचा कायदा आहे: पाकीटबंद खाण्याच्या प्रत्येक वस्तूवर 'ग्लूटेन आहे' किंवा 'ग्लूटेन नाही' यांतलं एक छापलंच पाहिजे. अमेरिकेत गहू असेल तर तो लिहावा लागतो, पण बार्ली आणि राय यांना ती सक्ती नाही. 'ग्लूटेन-फ्री' लिहिणं तर उत्पादकाच्या मर्जीवर. लिहिलं तर दशलक्षात 20 भागांहून कमी ग्लूटेन हवं, एवढंच बंधन. आमच्या मुलांच्या आयुष्यातली अर्धी विचारपूस या मोकळ्या जागेतून येते. दोन्ही बाजूंनी बोलणारं लेबल इथेही सक्तीचं व्हायला हवं, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

मुलीने ती ओळ दोनदा वाचली. मग फळीवरचं दुसरं पाकीट काढलं, मग तिसरं. कसाव्याचं पीठ: नाही. मक्याचे पोहे: नाही. कोणाला काही न विचारता ती फळी तपासत गेली. एका सॉसच्या बाटलीवर 'आहे' निघालं, ती तिने उचलून आईला दाखवली. बाईंनी लगेच बाटली दुसरीकडे ठेवली आणि तिची पाठ थोपटली.

त्यानंतर ती जेवली. आधी गरम पाव, दोन हातांनी फोडून, चीजची तार ओढत. मग तापिओका. ओलसर स्टार्च चाळणीने कोरड्या गरम तव्यावर पसरला की तेलातुपाशिवाय कण एकमेकांना धरतात आणि पांढरी घडी तयार होते. त्यात ओलं खोबरं आणि कंडेन्स्ड मिल्क. दुसरी घडी तिने स्वतः काउंटरवर जाऊन मागितली. तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हिने स्वतःहून मागितलं." पुढे त्यांना बोलवेना. आजी मात्र बाईंकडून दुधाचं आणि स्टार्चचं प्रमाण लिहून घेण्यात गुंतल्या होत्या. मध्ये दुभाषी म्हणून बाईंची सून.

मी आणि बाईंनी मिळून आता तिथल्या स्वयंपाकघरासाठी पोर्तुगीजमध्ये एक तक्ता केला आहे: कोणती चाळणी वेगळी, कोणता तवा वेगळा, सॉसेज आणताना पाकिटावर काय बघायचं. पुढच्या गटात पाच कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठीही बाईंनी साडेनऊचीच वेळ राखून ठेवली आहे.