तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं घरी, मग दिवसभर करता काय?

सप्ताहात पंगत वाढताना, गिरणीत दळण टाकताना, माहेरी तर चपला काढायच्या आत, प्रश्न ठरलेला. “पोरं शाळेत नाहीत? मग दिवसभर करता तरी काय?” विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक पहाटेचा काकडा असतो आणि मांडी घालून बसलेली तीन गुणी बाळं. आमच्याकडे काकड्याला हे आणि सासूबाई उठतात. मुलं घोरत असतात. मी उठवत नाही, कारण तेवढ्याच वेळात मला गरम चहा मिळतो.

आम्ही सासवडचे, घर वारकऱ्यांचं. थोरला 8 वर्षांचा, मधली 6 ची, धाकटा अडीचचा. थोरला एक वर्ष शाळेत गेला. बस सातला यायची, संध्याकाळी गृहपाठ, आणि हरिपाठाला पोर पेंगायचं. शाळा वाईट नव्हती. आम्हालाच तो घरात हवा होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

कायद्याचंही विचारतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. न घालणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही, आणि घरी शिकवण्यासाठी वेगळं कलमही नाही. म्हणजे आम्ही तसे उंबऱ्यावरच उभे आहोत. 10 वर्षं पूर्ण झाली की राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवीला बसवता येतं, पुढे दहावीला 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांचा, असतोच. सासऱ्यांना एवढ्याने धीर येत नाही. खरं सांगायचं तर रात्री कधीकधी मलाही येत नाही.

तर, दिवसभर काय करतो? सकाळ अंघोळी, भांडणं आणि न सापडणाऱ्या पेन्सिलीत जाते. दहा ते साडेअकरा वह्या-पुस्तकं. त्यातली वीस मिनिटं धाकट्याला वहीवरून उठवण्यात. दुपारी सासूबाईंबरोबर शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं. ज्येष्ठात माउलींची पालखी दिवे घाट चढून आली की सासवडला दोन मुक्काम असतात. तेव्हा दिंडीतली माणसं घरी उतरतात आणि आठवडाभर पुस्तकं माळ्यावर.

पक्की वेळ एकच, दिवेलागणीची. पोळ्यांची कणीक मळतानाच मी एक गोळा बाजूला काढते, पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला लावायला. तो आज कोणी थापायचा यावर रोज महाभारत. गेल्या महिन्यात वाजवायला बसलेल्या यांनी थाप मारली तर आवाज कोरडा. खाली पाहिलं, धुम पुसून लख्ख, आणि धाकट्याचे गाल फुगलेले.

हरिपाठाचे 28 अभंग म्हणजे चालीवर म्हणायला पाऊण तास. भजनी ठेका 8 मात्रांचा, त्यामुळे थोरल्याला आठचा पाढा टाळांवरच बसला. “आठ त्रिक चोवीस” झालं की तो माझ्याकडे बघतो: आता चारच राहिले. एकदा त्याने आजीला विचारलं, “पहिल्याच अभंगात देवाच्या दारात क्षणभर उभं राहा म्हटलंय, मग आपण एवढा वेळ का बसतो?” सासूबाई म्हणाल्या, “दारात क्षणभर रे. आपण आत आलोय.” मला हे सुचलं नसतं.

आता जे सहसा सांगत नाही ते. मधली पाच वर्षांची असताना हरिपाठाच्या पुस्तकावर बोट ठेवून घडाघडा वाचायची. येईल त्या पाहुण्यापुढे आम्ही तिला बसवायचो. मी तर फोनवरही कौतुक सांगितलेलं. एका संध्याकाळी माझं लक्ष गेलं, तर पुस्तक उलटं होतं. बोट सरकत होतं, अभंग बिनचूक चालले होते. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मी तिला पाटी दाखवली, ‘पुणे’. तिने अंदाज बांधला, “विठ्ठल?”

मी हसले, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता. शाळेत असती तर बाईंच्या हे आधी लक्षात आलं असतं का? कदाचित. चाळीस मुलांत कदाचित नाहीही. पण घरी तर माझ्यासमोर एकच होती, आणि मला तिला येतंय असं बघायचं होतं म्हणून मी तेवढंच बघितलं. मग अभंग बाजूला ठेवून पाट्या धरल्या. रसवंती, दवाखाना, ‘ताजे अंजीर मिळतील’. सहा महिने लागले. आता ती हरिपाठ पूर्वीपेक्षा सावकाश म्हणते, कारण खरंच वाचते. जोडाक्षराशी अडते आणि सगळ्यांचे टाळ तिच्यासाठी थांबतात. पाहुण्यांना ते तितकं आवडत नाही.

“उद्या मोठी होऊन हे सगळं सोडून दिलं तर?” हाही प्रश्न असतो, जरा हळू आवाजात. तिघांच्याही गळ्यात अजून माळ नाही. माळ म्हणजे एकादशी आली, वारी आली, आयुष्यभराचा शब्द आला. तो अडीच वर्षांच्या पोराकडून कसा घ्यायचा? मागतील तेव्हा बघू. मागितलीच नाही तर सासूबाई चार दिवस बोलणार नाहीत, तेही बघू.

आणि शाळेत जावंसं वाटत नाही का, तर वाटतं. या जूनमध्ये शेजारची पोरं नवी दप्तरं घेऊन निघाली तेव्हा थोरला ओट्यावर बसून बघत होता. मी धास्तावून विचारलं, जायचंय का? खूप विचार करून तो म्हणाला, “शाळा नको. डबा हवा.”

तेव्हापासून रोज साडेअकराला मी तीन डबे भरते. चुलीपासून ओट्यापर्यंतच जातात. एकादशीला खिचडी, एरवी पोळी-भाजी. धाकटा आपल्यातलं सगळं वाटेतच खातो, पण झाकण घट्ट लावून द्यावं लागतं.