बासरीसाठी बांबू निवडताना

बासरीवर्गाची मंडळी पुण्याहून मुळशीला निघाली, तेव्हा बहुतेकांच्या मनात पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची मोठी बासरी होती. तिला साधारण 75 सेंटीमीटरचं, मध्ये गाठ नसलेलं पेर लागतं. आपल्याकडच्या बांबूच्या बेटांत तसं पेर सापडत नाही, म्हणूनच मोठ्या बासरीचा बांबू आसामकडून येतो. इथल्या जातींपैकी मेस आणि माणगा जवळजवळ भरीव, ते बासरीच्या कामाचे नाहीत. राहिला कळक. तो पोकळ असतो, पण बुडाशी भिंत फार जाड. शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात ती पातळ होत जाते. तिथे 40 सेंटीमीटरचं सरळ पेर मिळालं, तर वरच्या सप्तकातली पांढरी तीन निघते. शिकणाऱ्याला तेवढी पुरे.

बेट शेतकऱ्याच्या बांधावरचं होतं. भारतीय वन अधिनियमाच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने वृक्ष राहिला नाही. जंगलातल्या बेटाला मात्र हात लावायचा नाही.

सकाळचा बराच वेळ निवडण्यातच गेला आणि तो जायलाच हवा. पेरावर पांढरी भुकटी आणि गाठीला टोपण, म्हणजे कोंबावरचं आवरण, चिकटलेलं असेल, तर तो यंदाचा बांबू. तो वाळताना आक्रसतो, भोक लंबगोल होतं, मग सूर जागेवर राहत नाहीत. आम्हाला हवा तिसऱ्या वर्षाचा: भुकटी गेलेली, रंग उतरलेला, अंगावर दगडफुलाचे ठिपके. असे बांबू बेटाच्या मध्यभागी असतात. कळकाच्या काट्यांतून तिथवर वाट करण्यातच माणसं दमली.

जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर करवत लावली. पेराच्या मध्यात कापलं, तर खुंटाच्या वाटीत पाणी साचतं आणि कंद कुजतो. कोयता फक्त काट्यांसाठी. त्याच्या घावाने पेराला चीर जाते.

दुपारी एकाने वैशाखात तोडलेला जुना तुकडा पिशवीतून काढला. आपटल्यावर बारीक भोकांतून पिवळसर पीठ सांडलं. त्याच्या ताज्या कापावर आणि आमच्या मार्गशीर्षातल्या कापावर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकला. जुन्यावर पाहता पाहता काळानिळा डाग पसरला. नव्यावर थेंब तपकिरीच राहिला, कडेला जरासा गडद. पावसाळ्यात कोंब फुटायचे म्हणून उन्हाळ्यात बांबू स्टार्च साठवून असतो आणि भुंगेरा त्यासाठीच येतो. कोंब वाढले की साठा खर्ची पडतो. तोडणीचा हंगाम यावरून ठरतो. आमच्या मते वर्गात बासरी हातात देण्याआधी हा प्रयोग दाखवावा.

तुकडे करताना दोन्हीकडच्या गाठी शाबूत ठेवल्या आणि कापलेल्या तोंडांना लगेच मेण लावलं. तोंडं मधल्या भागापेक्षा लवकर वाळतात, त्या ओढाताणीत चीर पडते. गाडीच्या टपावर एकही तुकडा ठेवू दिला नाही.

प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहून दिलंय. घरी सावलीत, हवेशीर जागी आडवा ठेवायचा, आठवड्याला कूस बदलायची, महिन्याला वजन करायचं. लागोपाठ दोन महिने वजन हललं नाही, की मग गाठ फोडायची आणि तापल्या सळईने भोकं पाडायची.