टोबीला मराठी कळतं

गेल्या ऑक्टोबरात आई घरात पाय घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनीचा फोन आला तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजले होते. माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी जमा होता. तो परत मिळेपर्यंत विमानाची तिकिटं बघत बसण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी बघत बसले.

लांबून काळजी करणं हे बिनकामाचं काम आहे. ऑपरेशन, टाके, वॉकर, रात्री पायांच्या मध्ये उशी ठेवणं, सगळं दुसरे करणार. तुम्ही फक्त "आता कसं वाटतंय?" एवढं विचारणार, तेही दिवसातून सहा वेळा. शेवटी दादा वैतागला. "अगं, दर दोन तासांनी हाड जुळत नसतं," म्हणाला.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. (मी त्यांना मनातल्या मनातच आजोबा म्हणते.) जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, काही आठवडे सकाळ-संध्याकाळ टोबीला फिरवून आणशील का? मला कुत्र्यांची फारशी आवड नव्हती. पण नाही म्हणायला कारणही पटकन सुचलं नाही.

टोबी अकरा वर्षांचा. जातीबितीचा काही नाही. एक कान उभा, एक पडलेला, त्यामुळे चेहऱ्यावर कायम "काय म्हणालात?" असा भाव. पहिल्या दिवशी मी त्याला इथल्या भाषेत, आजोबांनी शिकवलेल्या शब्दांत हाका मारल्या. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माझे उच्चार बाकीच्यांनाही कळत नाहीत, तो भाग वेगळा. शेवटी कंटाळून म्हटलं, "चल ना रे बाबा." तर आला की मुकाट!

मग मराठीच सुरू झालं. बस. थांब. नको, चिखल आहे. शहाणा आहेस का? फोनवरचं माझं मराठी तेव्हा गोळ्या, रिपोर्ट आणि फिजिओथेरपी यांपलीकडे जात नव्हतं. समोरासमोर मराठीत गप्पा मारायला उरला तो टोबी. त्याला मी ऑफिसातल्या चहाड्या सांगितल्या, दादाच्या तक्रारी सांगितल्या. दोन आठवड्यांत तो "बस" म्हटल्यावर बसायला लागला. आजोबांना ते कळल्यावर त्यांनीही तो शब्द घोकला. त्यांचा "बस" फार लांबतो, तरी टोबी बसतो.

नंतर वाचनात आलं की लॉरा कुआया ही संशोधक मेक्सिकोहून बुडापेस्टला राहायला गेली तेव्हा कुत्राही सोबत नेला होता, आणि तिला प्रश्न पडला की आजूबाजूची भाषा बदलली हे त्याच्या लक्षात येत असेल का. मग तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 18 कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवून स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकवलं. ओळखीची आणि अनोळखी भाषा यांना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वेगवेगळा होता, आणि वय जितकं जास्त तितका हा फरक स्पष्ट. टोबी अकरा वर्षांचा आहे, हे मी पुन्हा एकदा नमूद करते.

कुत्र्यांना माणसाचा ताण वासावरून कळतो, हेही खरं आहे. बेलफास्टमधल्या 2022 च्या एका अभ्यासात लोकांना अवघड तोंडी गणितं घातली आणि आधीचा-नंतरचा घाम व श्वास कुत्र्यांना हुंगायला दिला. ताणाचा नमुना त्यांनी शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा बरोबर ओळखला. पण ओळखलं म्हणजे सांत्वन केलं असं नव्हे. आईला ताप भरला आणि कुणी फोन उचलेना, त्या संध्याकाळी मी बाकावर बसून रडले. टोबी पाचेक मिनिटं थांबला. मग पट्टा ओढायला लागला. त्याला कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब हुंगायचा होता, आणि तो त्याच दिवशी हुंगायचा होता. उठावंच लागलं. डोकं पायाशी ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला असता, तर मी तिथे आणखी तासभर बसले असते.

पावसाळी दिवसांत परत आल्यावर त्याचे पंजे पुसायचे. मला सगळ्यात आवडायचं ते हे. पुढचा डावा तो स्वतःहून द्यायचा, उजव्यासाठी मिनतवाऱ्या. बोटांच्या मधल्या केसांत चिखल वाळून बसतो, तो कोमट पाण्याने हळूहळू सोडवावा लागतो. ओल्या कुत्र्याचा वास चांगला नसतो, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिकडे आईच्या पायाला मला हात लावता येत नव्हता, आणि इथे चार पाय माझ्या हातात होते. एके दिवशी पुसता पुसता लक्षात आलं की मी त्याला "दुखतंय का गं?" असं विचारतेय.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला 1914 साली खाणीत एक थडगं सापडलं, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक बाई आणि एक पिल्लू. त्या पिल्लाच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांना होणारा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार झाला असावा, आणि तो पुन्हा पुन्हा उलटला असावा. सहा-सात महिन्यांचं होऊन ते गेलं. कुणी ऊब दिली नसती, पाणी पाजलं नसतं, पुसून घेतलं नसतं तर पहिल्याच दुखण्यात गेलं असतं, असं अभ्यासकांचं म्हणणं. आजारी पिल्लू शिकारीच्या काय उपयोगाचं? त्या लोकांचे दिवस काही सोपे नसणार, तरी कुणीतरी आठवडेच्या आठवडे त्याच्यापाशी बसलं. मी हे वाचलं त्या रात्री टोबी माझ्याकडेच झोपला होता आणि झोपेत पाय हलवत पळत होता.

आजोबा आता काठीशिवाय चालतात. पासपोर्ट आला, मी जाऊन आले, आई वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जाते. टोबीची सकाळ आजोबांनी परत घेतली, संध्याकाळ मी सोडलेली नाही. रस्त्यावर मला कुणी नावाने ओळखत नाही, टोबीला सगळे ओळखतात.

आईने आयुष्यात कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आता व्हिडिओ कॉल लागला की "त्याला दाखव आधी" म्हणते. परवा तिने आवाज चढवून हुकूम सोडला, "टोबी, बस!" तो काही बसला नाही. उभा कान आणखी उभा करून फोनच्या मागे गेला आणि तिथे कोण आहे ते हुंगायला लागला.